त्रुटीबाईंचं गरम पाणी

मागच्या अंगणात सहा फूट खाली जमीन बारा महिने उबदार असते आणि आपल्या बाथरूममध्ये मात्र पहाटे पाचला दीड बादली पाणी देऊन नळ हात आखडता घेतो, हा अन्याय त्रुटीबाईंना दोन वर्षं सलत होता.

जमिनीची ऊब त्यांच्या घरात येत नव्हती असं नाही. दोन वर्षांपूर्वी अंगण उकरून लांबच लांब नळ्या पुरल्या होत्या आणि मागच्या खोलीत कपाटाएवढा एक पंप येऊन बसला होता. नळ्यांतून फिरणारं पाणी जमिनीतली ऊब गोळा करून आणायचं, पंप ती पिळून घ्यायचा आणि घरातल्या खोल्या गरम करायचा. घरात सगळे त्याला जमीनपंप म्हणत. त्याच्या पोटाशी झाकणं लावलेली दोन पितळी तोंडं होती आणि वर चिठ्ठी डकवलेली होती: ‘पाण्याच्या हीटरसाठी.’ म्हणजे खोल्या तापवता तापवता आंघोळीचं पाणी तापवायलाही पंप तयार होता. त्याला हीटरशी जोडून तेवढं द्यायचं होतं. रोज केर काढताना त्रुटीबाई ती चिठ्ठी वाचायच्या आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला बसा म्हणायचं राहून गेल्यासारखं त्यांना वाटायचं.

त्रुटीबाई हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. नगर कचेरीच्या परवाना खिडकीत त्या एकतीस वर्षं बसल्या होत्या. आलेला अर्ज वाचायचा, त्यातली चूक शोधायची आणि जांभळ्या शाईत ‘त्रुटी’ असा शिक्का मारून अर्ज परत करायचा. आवाज त्यांनी कधी चढवला नाही. “तुमचं बरोबर आहे हो, पण कागदाचं बरोबर नाही,” असं इतक्या मायेनं सांगायच्या की माणूस आभार मानून खिडकीपासून बाजूला व्हायचा आणि मग कोपऱ्यावर जाऊन दातओठ खायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या सहीखाली एकही चूक गेली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तसं म्हटलं होतं, आणि ते भाषण टाइप करायच्या आधी तपासलं त्रुटीबाईंनीच होतं.

त्यांचं घर जुळं होतं, दोन घरांत एक भिंत. भिंतीपलीकडे राहायचे ते ‘अनुभवी’. त्यांचं प्रत्येक वाक्य “माझा अनुभव आहे” इथून निघायचं आणि बहुधा तिथेच परत यायचं. गच्चीवर शेड घालण्याचा त्यांचा अर्ज त्रुटीबाईंनी एकूण अकरा वेळा परत केला होता. बाराव्या वेळी त्यांनी शेडचाच नाद सोडला. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं होतं, पण ते आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

तरी दोन वर्षं हे काम तसंच पडून राहिलं असतं. पण सासूबाईंना खोकला झाला.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. पहाटे पाचला आंघोळ, मग तासभर प्रार्थना, आणि मगच पाण्याचा पहिला घोट, असा त्यांचा साठ वर्षांचा नेम होता. एका पहाटे अंगाला साबण लावलेला असताना जुन्या हीटरचं पाणी संपलं. सासूबाईंनी गार पाण्यानं आंघोळ उरकली, कुणाला काही सांगितलं नाही, आणि पुढे पंधरा दिवस खोकत राहिल्या. खोकला फोनवरून मोठ्या दिरांना ऐकू गेला. दीर मोठ्या शहरात अकराव्या मजल्यावर राहायचे.

“पंधरा तारखेला गाडी घेऊन येतोय,” दीर म्हणाले. “तोपर्यंत तुमच्या नळाला धड गरम पाणी आलं तर ठीक. नाहीतर आईला घेऊन जाणार. आमच्याकडे चोवीस तास गरम पाणी असतं.”

ते खरंच होतं. पण त्या चोवीस तासांच्या पाण्याला बाथरूम एक होतं, माणसं सहा होती आणि प्रत्येकाला सकाळी कुठेतरी पोचायचं असायचं. मागे सासूबाई महिनाभर तिथे राहिल्या तेव्हा त्यांचा नंबर साडेनऊला लागायचा. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. परत आल्या तेव्हा “फार छान होतं तिकडे” एवढंच म्हणाल्या आणि ओळीनं तीन पेले पाणी प्यायल्या. त्रुटीबाईंनी ते मोजले होते.

“आई, तुम्हाला जायचंय का?” त्यांनी आता विचारलं.

“मला काय, पाचला पाणी मिळालं म्हणजे झालं. कुठेही,” सासूबाई म्हणाल्या आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागल्या.

त्रुटीबाईंनी पदर खोचला. पंधरा तारखेला तीन आठवडे होते.

पहिली पायरी परवानगीची. घरातल्या तापवण्याच्या साधनात काहीही बदल करायचा तर नगर कचेरीचा ‘नमुना सतरा’ भरावा लागतो. हा नमुना त्रुटीबाईंना तोंडपाठ होता, कारण तो त्यांनीच तयार केला होता. त्यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला, खिडकीत दिला आणि शिक्क्याच्या आवाजाची वाट पाहत उभ्या राहिल्या. त्या आवाजाची त्यांना आठवण यायची.

खिडकीत आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेली साहेबीण बसायची. तिनं अर्ज वाचला, उठून उभी राहिली आणि ओशाळून म्हणाली, “बाई, नववा रकाना.”

नववा रकाना होता: ‘उष्णतेचा स्रोत, मालकीच्या पुराव्यासह.’ कुणी चोरीचं लाकूड जाळू नये म्हणून तो वीस वर्षांपूर्वी त्रुटीबाईंनी स्वतः घातला होता.

“लिहिलंय की. जमीन,” त्रुटीबाई म्हणाल्या.

“हो बाई. पण पुरावा?”

“घराचं खरेदीखत जोडलंय.”

“खरेदीखतात जमीन, झाडं, दगड आणि विहीर असल्यास विहीर एवढंच आहे. उष्णतेचा उल्लेख नाही.”

“अगं, जमिनीबरोबर तिची ऊब येणारच ना?”

साहेबिणीचे डोळे पाणावले. “तुमचं बरोबर आहे हो, बाई,” ती मायेनं म्हणाली, “पण कागदाचं बरोबर नाही.” आणि तिनं शिक्का मारला.

तो आवाज त्रुटीबाईंनी एकतीस वर्षं खिडकीच्या आतून ऐकला होता. बाहेरून तो फारच मोठा वाटतो. घरी आल्यावर यजमानांनी अर्ज हातात घेतला. ते छापखान्यात प्रूफं तपासायचे आणि झालेली चूक अचूक दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते म्हणाले, “रकाना चांगला आहे. भाषा नेमकी आहे.”

“तुमची स्तुती जपून ठेवा,” त्रुटीबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या तीनदा कचेरीत गेल्या. जमिनीखालची ऊब कुणाची, यावर जमीन खात्यानं ती खाण खात्याची म्हटलं, खाण खात्यानं ऊब खणून हातात देता येत असेल तरच ती आपली म्हटलं, आणि पाणी खात्यातल्या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढून आपल्या गुडघेदुखीवर ऊब घेतलेली चालेल का, असं विचारलं. चौथ्या दिवशी त्रुटीबाईंनी रकान्यात लिहिलं: ‘उष्णता अर्जदाराच्या ताब्यात अद्याप आलेली नाही. आल्यावर पाहणी करून खात्री करण्यात यावी.’

साहेबिणीनं ते दोनदा वाचलं. “बाई, यात काहीच चूक काढता येत नाही,” ती भारावून म्हणाली. तात्पुरती परवानगी मिळाली. पाहणी पंधरा तारखेला.

आता जोडणारा माणूस हवा होता. पंपाचा मेकॅनिक आला, पंपाच्या पोटाला कान लावून बसला आणि म्हणाला, “माझं काम या पितळी तोंडापर्यंत. पुढे पाणी आलं. पाण्याला मी हात लावत नाही.” मग प्लंबर आला. त्यानं भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, “माझं काम भिंतीतल्या नळीपर्यंत. पुढे यंत्र आलं. यंत्राला मी हात लावत नाही.” पंपाचं तोंड आणि भिंतीतली नळी यांच्यात हातभर अंतर होतं, आणि पृथ्वीच्या पाठीवर तेवढी एकच जागा अशी निघाली की जिचं काम कुणाचंच नव्हतं. त्रुटीबाईंनी दोघांना एकाच वेळी बोलावलं, मध्ये खडूनं रेघ मारली आणि दोघांच्या हातात नळीची एकेक बाजू दिली. दोघं आपापल्या बाजूला बसून एकमेकांकडे न बघता सांधे कसू लागले.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो भिंतीशी.

ही घरं बांधली तेव्हा दोन्ही घरांना मिळून एक मोठा बंब बसवायचा, असा बांधणाऱ्याचा बेत होता. बेत राहिला, नळ्या राहिल्या. मागच्या खोलीतल्या त्या सामाईक भिंतीतून चार नळ्यांची टोकं ओळीनं बाहेर आली होती. त्यातली एक जोडी त्रुटीबाईंच्या हीटरला गेलेली, दुसरी अनुभवींच्या. कुठली कुणाची?

“सोपं आहे, ताई,” प्लंबर म्हणाला. “तुमचा हीटर जरा चालू करा. हात लावून बघतो. जी कोमट लागेल ती तुमची.”

“हाताला काय कळतं?” त्रुटीबाई म्हणाल्या. “मंजूर नकाशा आहे.”

त्यांनी कपाटातून नकाशाची प्रत काढली. पंचवीस वर्षांपूर्वी हा नकाशा खुद्द त्यांच्याच सहीनं मंजूर झाला होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, डावी जोडी या घराची, उजवी जोडी शेजारच्या.

“तरी एकदा हात लावला असता...”

“दादा, मंजूर नकाशावर हात लावून बघायचा नसतो.”

प्लंबरनं खांदे उडवले आणि डावी जोडी जोडली. जुन्या हीटरची वायर काढून टाकली. पंप सुरू झाला. घरात सगळे बाथरूमच्या दाराशी जमले. त्रुटीबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि नळ सोडला.

पाणी गार आलं. पाच मिनिटांनी गार, तासाभरानं गार, दुसऱ्या दिवशी तर थोडं जास्तच गार.

मेकॅनिकनं पंप तपासला. “यंत्र ठणठणीत आहे. गरम पाणी इथून जातंय, थंड होऊन परत येतंय. मधे कोण खातंय ते मला विचारू नका, खडूच्या रेघेच्या अलीकडचं विचारा.”

मग गल्लीतले सल्ले सुरू झाले. पाववालीनं सांगितलं, नळ्यांना थंडी वाजत असणार, लोकर गुंडाळा. लोकर म्हणजे यजमानांचे दोन स्वेटर. यजमान गारठून आणि नळ्या सजून बसल्या. समोरचे निवृत्त ड्रिल मास्तर म्हणाले, अंगणात रोज अर्धा तास दौड करा, जमिनीला ऊब चढेल. त्यांनी स्वतः चार फेऱ्या मारून दाखवल्या, भाजीचा वाफा तुडवला आणि दम लागून पायरीवर बसले. टेलरिंगवाल्या मावशींचं म्हणणं पडलं, यंत्रं रागावतात, त्याच्याशी गोड बोलावं. त्रुटीबाईंनी तेही करून पाहिलं. “बाळा,” त्या पंपाला हळूच म्हणाल्या, आणि मागे साखर उसनी मागायला आलेली पाववाली उभी होती.

अनुभवी मात्र त्या दिवसांत फार खुलले होते. भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ त्यांचं गाणं ऐकू यायचं. पूर्वी एकदा आंघोळ करणारा माणूस आता दोनदा करू लागला. गरम पाण्यानं सायकल धुऊ लागला. गाल लाल, केस चापून बसवलेले.

“वहिनी, माझा अनुभव आहे,” ते कुंपणावरून म्हणाले. “जमीन ही थंड वस्तू आहे. तिच्यात ऊब असती तर बटाटे शिजूनच निघाले असते. माझा हीटर बघा! बावीस वर्षं जुना. गेल्या आठवड्यात मीच मागे जरा तार वळवली, तेव्हापासून डबल पाणी देतोय. बटण लावायचीसुद्धा गरज पडत नाही. वस्तू माणसाचा हात ओळखते.”

“तुमचा हातच तसा, भाऊसाहेब,” त्रुटीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी जरा मोठ्यानं घासू लागल्या.

रोज पहाटे चारला उठून त्या चुलीवर चार पातेली पाणी तापवायच्या आणि ओंजळीत जीव धरल्यासारखी ती पातेली बाथरूमपर्यंत न्यायच्या. तीन दिवस त्यांनी सासूबाईंना वाटू दिलं की पाणी नळाचंच आहे. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “नळाच्या पाण्याला काल दुधाचा वास होता गं. हात भाजून घेऊ नकोस.”

चौदाच्या संध्याकाळी सासूबाईंनी आपली दोन लुगडी आणि जपाची वही स्वतःहून पिशवीत भरली. कुणी सांगितलं नव्हतं. “माझ्यामुळे तुम्हा भावाभावांत वाद नको,” एवढंच म्हणाल्या. त्रुटीबाई मागच्या खोलीत गेल्या आणि स्वेटर घातलेल्या नळ्यांसमोर स्टूल टाकून बसल्या. एकतीस वर्षांत किती माणसं आपल्या खिडकीसमोर अशी बसली असतील, हे त्यांना पहिल्यांदाच मोजावंसं वाटलं, आणि आकडा फार मोठा झाल्यावर त्या उठल्या.

पंधरा तारखेला सकाळी नऊला दीर आले आणि सव्वानऊला साहेबीण आली, हातात थर्मामीटर आणि बगलेत फाईल. प्लंबर आणि मेकॅनिक खडूच्या रेघेच्या दोन बाजूंना हजर होते. साहेबिणीनं नळाखाली थर्मामीटर धरलं.

“एकोणीस,” ती जड आवाजात म्हणाली.

“एकोणीस!” दीर म्हणाले. “एवढं तर आमच्याकडे माशांच्या टाकीत असतं. आई, चला. पिशवी कुठाय?”

सासूबाई उठल्या. नेमका त्याच वेळी दारात अनुभवी उगवले, खांद्यावर टॉवेल, अंगातून वाफा.

“कळलं मला,” ते म्हणाले. “वाईट वाटलं. वहिनी, मी काय म्हणतो, एवढ्या मॅडम थर्मामीटर घेऊन आल्यात तर त्यांना रिकाम्या हातानं का पाठवायचं? माझ्याकडे या. खरं गरम पाणी कसं असतं ते एकदा नोंदवून ठेवा.”

त्रुटीबाईंना तिथे जायचं नव्हतं. पण पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं? सगळी वरात पलीकडे गेली. अनुभवींनी बाथरूमचं दार नाटकातल्या पडद्यासारखं उघडलं आणि नळ सोडला. आरसा धुरकटला.

“एक्कावन्न,” साहेबीण म्हणाली आणि सवयीनं पेन उघडलं. “उष्णतेचा स्रोत?”

“स्रोत? हा काय, माझा हीटर. माझ्या हातानं दुरुस्त केलेला.”

यजमान स्वेटर नसल्यामुळे हीटरला टेकून उभे होते. त्यांनी वाकून मागे पाहिलं आणि छापखान्यातल्या सुरात म्हणाले, “ही तार कुठेच जात नाही. उंदरानं कुरतडलीय. दोन इंच उरलीय.”

नळातून एक्कावन्न अंशांचं पाणी वाहत होतं.

“मग हे तापतं कशानं?” दीर म्हणाले.

त्रुटीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला. भिंत माणसासारखी उबदार होती.

त्या घरी गेल्या, नकाशा घेऊन आल्या आणि प्लंबरच्या हातात दिला. त्यानं तो खिडकीच्या काचेवर धरला, पलटला आणि मागच्या बाजूनं पाहिला. मागून बघितल्यावर सगळं जुळत होतं. खिडक्या खिडक्यांच्या जागी, दार दाराच्या जागी, नळ्या नळ्यांच्या जागी. नकाशा काढणाऱ्यानं मूळ कागद पालथा ठेवून रेघा गिरवल्या होत्या आणि नावं मात्र वरून सरळ लिहिली होती. खाली कोपऱ्यात, काचेतून उलटी दिसणारी, जांभळ्या शाईतली त्रुटीबाईंची सही होती.

“बाई,” साहेबीण कुजबुजली, “घाईघाईत राहिलं असेल. मी फाईलमध्ये काही लिहीत नाही.”

त्रुटीबाईंनी एक क्षण सासूबाईंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “लिही. चूक माझी आहे. नकाशा उलटा होता आणि मी तो मंजूर केला. आणि हा प्लंबरदादा हात लावून बघतो म्हणत होता तर मी त्याला बघू दिलं नाही. तेही लिही.”

“ताई, तेवढं नका लिहू,” प्लंबर लाजून म्हणाला.

“पण बाई, तसं लिहिलं तर नवी मोजणी लागेल. दोन महिने. आणि आज तुमच्या नळाला एकोणीसच आहे...”

“थांब,” त्रुटीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हळूच होता, पण तो आता खिडकीच्या आतला होता. “मोजणी होऊ दे सावकाश. पाहणीची अट काय आहे? वाच.”

साहेबिणीनं वाचलं. “‘जमिनीतून उष्णता उत्पन्न होऊन पाणी तापते याची खात्री करावी.’”

“कुणाच्या नळाचं पाणी, असं लिहिलंय?”

“नाही, बाई.”

“किती आलं?”

“एक्कावन्न!” साहेबीण ओरडली, आणि ओरडल्याबद्दल लगेच माफी मागितली.

“म्हणजे जमिनीत ऊब आहे,” सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या, “आणि भाऊसाहेबांनी त्यात बारा दिवस सायकल धुतली.”

अनुभवींनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. त्यांचे लाल गाल आता वेगळ्या कारणानं लाल झाले होते.

साहेबिणीनं परवानगीवर शिक्का मारला. तो जिथे हवा तिथे, सरळ, शाई न फुटता उमटला. राहिली जोडणी. ती पंधरा मिनिटांची होती, प्लंबरनं पाना बाहेरही काढला होता. पण डावी जोडी अनुभवींची, तिला हात लावायचा तर त्यांची लेखी संमती हवी. त्रुटीबाईंनी तिथेच, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर, संमतीपत्र लिहिलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

अनुभवींनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मधे थांबून चष्मा पुसला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दीर घड्याळ बघत होते. शेवटी अनुभवींनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर बोट ठेवलं आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात म्हणाले, “त्रुटी आहे, वहिनी. तारीख राहिलीय.”

खरंच राहिली होती.

“चुकलं, भाऊसाहेब,” त्रुटीबाई म्हणाल्या. त्यांनी तारीख घातली आणि कागद पुन्हा दोन्ही हातांनी दिला. अनुभवींनी सही केली. मग त्यांनी आपल्या मेलेल्या हीटरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बावीस वर्षांचा सोबती, आणि तोही आपला हात न ओळखता गेलेला.

“अरे,” सासूबाई प्लंबरला म्हणाल्या, “दोन्हीकडे नाही का पुरणार?”

प्लंबरनं मेकॅनिककडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्या दोघांची पहिल्यांदाच नजरानजर झाली. “पंपात तेवढा दम आहे,” मेकॅनिक म्हणाला. “नळीला एक फाटा काढला की झालं,” प्लंबर म्हणाला. आणि फाटा काढताना कुणाचा हात खडूच्या रेघेच्या कुठल्या बाजूला होता, ते कुणी पाहिलं नाही.

“दुसऱ्या घराला वेगळा नमुना सतरा लागेल,” साहेबीण म्हणाली.

“नववा रकाना कसा भरायचा ते मी सांगते,” त्रुटीबाई अनुभवींना म्हणाल्या. “एका फेरीत होईल. माझा अनुभव आहे.”

दुपारी बाराला त्रुटीबाईंच्या बाथरूममधल्या नळाला पाणी आलं. आधी नळ खाकरला, मग गार, मग कोमट, आणि मग असं की यजमानांनी हात मागे घेतला आणि लगेच पुन्हा पुढे केला. साहेबिणीनं स्वतःहून थर्मामीटर धरलं. अठ्ठेचाळीस. दोन्ही घरांना मिळून तेवढं पुष्कळ होतं. त्रुटीबाईंनी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर यजमान म्हणाले, “बरोबर आहे. चूक नाही.” त्यांच्या तोंडून तेवढं वाक्य ऐकायला लग्नाला सदतीस वर्षं जावी लागली होती.

दिरांनी मात्र लगेच शस्त्रं खाली ठेवली नाहीत. “दुपारचं काय सांगता? पहाटे पाचला बघू,” म्हणून ते मुक्कामाला राहिले.

पहाटे पाचला सासूबाई आत गेल्या. बाहेर सगळं घर जागं होतं आणि झोपल्याचं सोंग करत होतं. एक बादली झाली. दीड झाली. दुसरी भरल्याचा आवाज आला. तिसऱ्या बादलीला आतून सासूबाई हळूच काहीतरी गुणगुणू लागल्या, आणि भिंतीपलीकडून अनुभवींनी त्यात आपला सूर मिसळला, जरा वरचा. मग प्रार्थनेचा तास. सव्वासहाला सासूबाईंनी डोळे उघडले. त्रुटीबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे, एकेक घोट घेत, संपवला.

त्यानंतर दीर बाथरूममध्ये शिरले ते पाऊण तास बाहेर आले नाहीत. आले तेव्हा अंग उकडलेलं, केस विस्कटलेले आणि चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. टॉवेलनं डोकं पुसत ते त्रुटीबाईंजवळ आले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, “काय गं, ही जमिनीतली ऊब अकराव्या मजल्यापर्यंत चढवता येते का? आमच्याकडे चोवीस तास पाणी आहे गं, पण माझा नंबर सव्वाआठला लागतो.”

त्रुटीबाई उत्तर शोधत होत्या तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे कान ठणठणीत होते.

“जमीन कुठली वर चढतेय! तूच उतरत जा महिन्यातून एकदा. टॉवेल घेऊन ये.”